बारा थरांची माती

प्रागच्या जोसेफोव भागात एका घड्याळाचे काटे उलटे फिरतात. जुन्या ज्यू टाउन हॉलच्या मनोऱ्यावर नेहमीचं घड्याळ आहे आणि त्याच्या खाली हिब्रू अक्षरांचं दुसरं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून काटेही त्याच वाटेने निघालेले! शेजारच्या, साधारण १२७० सालच्या सिनेगॉगमध्ये शिरायला पायऱ्या उतराव्या लागतात, इतका रस्ता शतकांमागून शतकं वर चढत गेला आहे. तिथे आजही प्रार्थना होते. भोवतालची दाट वस्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडायला घेतली. आता तिथे उंची दुकानांचा रस्ता आहे. तो मी भरभर ओलांडला.

पाय अडखळले ते दफनभूमीत. पंधराव्या शतकापासून १७८७ पर्यंत इथे माणसं पुरली. वस्तीला जागा वाढवून मिळेना आणि जुनी कबर उकरणं धर्माला मान्य नाही. मग जुन्या कबरींवर माती घालायची, जुना दगड वर घ्यायचा, शेजारी नवा रोवायचा. काही ठिकाणी असे बारा थर आहेत म्हणतात. सुमारे बारा हजार दगड एकमेकांना रेलून, तिरके, दाटीवाटीने उभे. आमच्या गाइडबाईंनी एका दगडावरची कात्री दाखवली: हा शिंपी. आशीर्वादाला उचललेले दोन पंजे: हा पुरोहित घराण्यातला. फुलांऐवजी ठेवलेले खडे जागोजागी दिसत होते. मेल्यावरही ज्यांना हातभर जागा मोजूनमापून मिळाली, त्यांनी एकमेकांची ओळख मात्र पुसू दिली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

लगतच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंती लांबून नुसत्या करड्या दिसतात. जवळ गेलं की कळतं, ती अक्षरं आहेत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं, हाताने रंगवलेली. आडनाव लाल, पुढे घरातल्या एकेकाचं नाव आणि तारखा. एकाच आडनावापुढे आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे. १९५०च्या दशकात लिहिलेली ही नावं पुढे ओल आणि डागडुजीच्या नावाखाली गेली. १९९०च्या दशकात ती पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली.

प्रागला जाल तर हा फेरा शनिवारी ठेवू नका. त्या दिवशी इथली संग्रहालयं बंद असतात. आणि पिंकासमध्ये घाई करू नका. एका तरी घरातली सगळी नावं वाचा.