भिंत रंगली, रांग तशीच

शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला पाहुण्यांची सवय असते. अंबाबाईचे दर्शन झाले की मंडळींची पावले रंकाळ्याकडे वळतात. त्यांच्या वाटेवरचा रस्ता आधी झाडला जातो, आतला बोळ मागे राहतो. यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. गेल्या दिवाळीत मुंबईला आत्तीकडे गेलो आणि याच गोष्टीचा मोठा अवतार पाहिला.

आत्ती घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवर राहते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी तिथल्या सुमारे पावणेदोनशे भिंती रंगवल्या. टेकडी मेट्रोतून दिसते. वर्तमानपत्रांनी तिला इटलीतल्या पोझितानोची उपमा दिली आणि कॅमेरेवाले जिने चढू लागले.

“रंगवलेल्या भितीपाशी कचरा टाकाय मानूस लाजतंय, एवढं मातर खरं,” आत्ती म्हणाली. हे काही थोडे नव्हे. लाजेने होणारे काम दंडाच्या पावतीने होत नाही. पण पहाटे पाचला ती टमरेल घेऊन निघाली, ती पाऊण तासाने परतली. “फोटूवाली मानसं रांगंत उभारत न्हाईत,” एवढेच बोलली.

परतल्यावर ग्रंथालयात पुण्याची हकिकत वाचली. १९९९ साली आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात महापालिकेने झोपडपट्ट्यांतले संडास बांधण्याचे काम संस्थांकडे सोपवले. पुढच्या दोन वर्षांत चारशेहून अधिक संडास उभे राहिले. त्यांतले कित्येक ‘महिला मिलन’च्या, म्हणजे झोपडीत राहणाऱ्याच बायकांनी पुढे होऊन बांधून घेतले. मुलांसाठी निराळी, लहान बैठक. राखणाऱ्याच्या कुटुंबाला तिथेच खोली, म्हणजे झाडणारा माणूस पळून जाणार कुठे! आणि संडास तयार झाला की चक्क मेळा भरे. अधिकारी आणि दुसऱ्या वस्त्यांतली माणसे तो पाहायला येत. पाहुणे इथेही आलेच, पण त्यांना दाखवायला भिंतीमागचे काहीतरी होते. पेठेतल्या मित्रांना हे सांगितले तर ते पोट धरून हसले. मला मात्र रंगापेक्षा या मेळ्याचे अधिक अप्रूप वाटते.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे मला सगळे ठाऊक असते असा आत्तीचा समज आहे. फोनवर तिला हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, “बायकांची रांग येगळी असती काय रं?”

वेगळी असते, म्हटले.

“मग त्ये बघाय मी पुन्याला यीन,” ती म्हणाली.