दाबलं तरी दबेना

तर मंडळी, झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर मी माझं जुनं, सेकंडहँड घेतलेलं .४५ चं १९११ घेऊन उभा होतो. सात गोळ्या संपल्या, स्लाइड मागे जाऊन अडकली. आता अंगठ्याने बटण दाबायचं की मॅगझिन खाली. दाबलं. ढिम्म! मग पकड सैल केली, पिस्तूल हातात जरा फिरवलं, जोर लावला... आणि मनगटावर एक जाडजूड हात पडला. रेंज ऑफिसर. नळी शेजारच्या लेनकडे वळली होती आणि मला पत्ताच नव्हता.

घरी बायकोला सांगितलं. (लपवून चाललं नसतं.) "पण रिकामं होतं गं," मी म्हटलं.

"रिकामं होतं, असंच सगळे नंतर सांगतात. नीट होत नसेल तर विकून टाक."

ग्रीनकार्ड आल्यावर हौसेने घेतलेली वस्तू. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन सैन्याने १९११ साली घेतलं आणि १९८५ पर्यंत वापरलं. म्हणजे बग डिझाइनमध्ये नसणार, आपल्याच इन्स्टॉलेशनमध्ये असणार.

रविवारी गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवल्या. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे अडकवली, चेंबर डोळ्यांनी पाहिलं, बोटानेही चाचपलं. मग डिबगिंग. पहिला संशय मॅगझिनवर. भरलेलं मॅगझिन आणि बंद स्लाइड असेल तर बटण थोडं जड लागतंच: वरची गोळी स्लाइडला टेकते आणि आतली स्प्रिंग मॅगझिनला खाली, खाचेतल्या कॅचवर रेटते. पण माझं तर रिकामं होतं, स्लाइडही उघडी. तीन मॅगझिन बदलून पाहिली, तेच. तासाभराने सुचलं की मॅगझिन न घालताच दाबून बघावं. तितकंच जड! हे आधी करायला काय झालं होतं? ऑफिसात ज्युनियरला मी यावरूनच झापतो.

म्हणजे दोष कॅचमध्येच. डावीकडचं बटण अर्धवट दाबून धरायचं आणि उजवीकडचा खाच असलेला छोटा तुकडा घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवायचा, की अख्खा कॅच उजवीकडून बाहेर येतो. जोर लावायचा नाही. मी लावला आणि फ्रेमवर एक ओरखडा कमावला. आत जुनं तेल वाळून डिंक झालेला, त्यात बारुदाची काजळी. आणि स्प्रिंग? मागवलेली नवी, स्टँडर्ड स्प्रिंग शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, जुनीची तार चक्क जाड होती. आधीच्या मालकाने कधीतरी कडक स्प्रिंग बसवली असणार. स्वतः मला विकताना बोलला नाही, असो.

साफ केलं, तेलाचा एकच थेंब, नवी स्प्रिंग. डमी काडतुसं भरून पन्नासेक वेळा मॅगझिन पाडलं, खाली उशी ठेवून. भरलेलं असलं तरी पडतं, आणि रिकामं असताना उगाच सुटत नाही. दुसरी टेस्टही तितकीच महत्त्वाची, बरं का.

काल रेंजवर तोच ऑफिसर मागे उभा होता. सात गोळ्या, स्लाइड मागे, अंगठा, टप्प. नळी समोरच. तो काही बोलला नाही, पुढच्या लेनकडे गेला.

बायकोने विचारलं, "झालं नीट?"

"झालं."

"बटण म्हणत नाहीये मी."