पाटीखालचा मजकूर

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही. स्टेडियमच्या आसपासच्या गल्ल्यांत एकेका इमारतीवर चार-चार पाट्या दिसतात: हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे, मध्येच रक्त तपासणारी लॅब. त्यांना नाव, पदवी आणि वेळ एवढं पुरतं. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी शिकाऊ समुपदेशक म्हणून बसायला लागले, तेव्हा माझीही पाटी तेवढीच असेल असं धरून चालले होते. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकते त्या दीदी म्हणाल्या, "पाटीखाली एक पान लाव. तू कोण आहेस, काय मानतेस, काम कसं करतेस. जिना चढायच्या आधी माणसाला कळू दे."

पानभर तर लिहायचं, संध्याकाळपर्यंत होईल असं मला वाटलं. पहिल्या मसुद्यात मी सगळे भारदस्त शब्द वापरले: सुरक्षित अवकाश, सर्वसमावेशक दृष्टिकोन, नात्यावर आधारलेला उपचार. दीदींनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अच्छा है। इसमें तुम कहाँ हो?"

मी त्यात असायला हवं, हेच मुळात मला पटत नव्हतं. शिकताना डोक्यात बसलं होतं ते वेगळंच. उपचार करणाऱ्यानं आरशासारखं असावं, समोरच्याला त्यात स्वतःचंच दिसावं, असं फ्रॉइडनं 1912 मध्ये लिहून ठेवलंय. पुढे कार्ल रॉजर्सनं 1957 च्या निबंधात, माणूस बदलायला काय काय लागतं ते मांडलं. त्यातलं समजून घेणं आणि विनाअट स्वीकारणं परीक्षेत लिहायला सोपं. तिसरी अट मात्र अशी, की समुपदेशकानं खरं असावं, मुखवटा घालून बसू नये. खरं म्हणजे कसं? आडनाव, जात, घरचे संस्कार हे सगळं घेऊन खरं, की ते खाली जिन्याशी ठेवून? पुस्तकात तिथून पुढचं प्रकरण सुरू होतं.

जबलपूरमध्ये आडनाव जिन्याशी ठेवता येत नाही. फोनवर वेळ ठरवतानाच "आपका पूरा नाम?" येतं, आणि सांगितलं की "अच्छा, महाराष्ट्रियन!" इथं मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे 1861 पासून 1956 पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. वकील, मास्तर, कारकून, 1904 नंतर गन कॅरेज फॅक्टरीतले कामगार अशी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथं आहेत. आमचंही त्यातलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, पण ते असो.

ह्या घरांतून फोन येतो तेव्हा मला काय करावं ते कळेनासं होतं. (कुणा एकाची गोष्ट सांगता येणार नाही, सांगण्याजोगा गोंधळ आहे तो माझाच.) आतलं सगळं मराठीतच बोलता येईल म्हणून त्या घरच्या बाईला मराठी समुपदेशक हवी असते. आणि मराठी आहे म्हणूनच नको असते, कारण माझी आत्या आणि त्या बाईची जाऊ एकाच भजनी मंडळात. आमच्या नीतिनियमांच्या पाठात म्हटलेलं असतं, की जिच्याशी दुसरं नातं आहे अशा व्यक्तीला समुपदेशनासाठी घेऊ नये. मुंबईत हा नियम पाळता येत असेल. इथं गणपतीच्या दहा दिवसांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी दुसरं नातं निघतं. दीदींचा तोडगा साधा होता: ओळख आहे हे पहिल्या पाच मिनिटांत उघड बोल, बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची की नाही हे तिला ठरवू दे, आणि नाव सांगून दुसरीकडे पाठवण्याची तयारी ठेव. मी तसंच करते. तरी हळदीकुंकवाला अशी कुणी समोर आली की हातातलं ताट कुणाकडे आधी न्यावं तेही सुचत नाही.

दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. माझं आडनाव ब्राह्मणाचं आहे, हे इथं महाकोशलातही लोक क्षणात ओळखतात. दलित घरातला मुलगा समोर बसून कॉलेजात काय ऐकावं लागतं हे सांगत असेल, तर तो वाक्यं निवडून सांगणार. मला दुखू नये म्हणून किंवा मी उलटेन म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 मध्ये लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व ह्यांपैकी कशावरूनही भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. तो वाचून मला आधी हायसं वाटलं, कारण भेदभाव मी करतच नाही असं मला वाटत होतं. दीदींनी विचारलं, "तू करत नाहीस, हे त्याला कसं कळणार?" मग त्यांनी एक वाक्य घोकून घ्यायला लावलं: माझं आडनाव ऐकून काही बोलणं जड जात असेल, तर त्याबद्दलही इथं बोलता येईल. ते पहिल्यांदा उच्चारताना माझे कान गरम झाले. समोरचा काही बोलला नाही. थोड्या वेळानं मात्र त्यानं पाणी मागितलं आणि खुर्ची मागे सारून सैल बसला. माझ्या वाक्यामुळे की उकाड्यामुळे, देव जाणे.

मग पहिल्या भेटीत भरायच्या फॉर्मची पाळी आली. झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या तयार फॉर्मवर पुरुष आणि स्त्री असे दोनच चौकोन होते. ह्या शहरात त्या दोन चौकोनांना इतिहास आहे. जवळच्या कटनीत हिजडा समाजातल्या कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या होत्या. जागा स्त्रियांसाठी राखीव होती, म्हणून न्यायालयानं निवड रद्द केली आणि 2003 मध्ये इथल्या उच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. मतदारांना जी अडचण वाटली नाही ती कागदाला वाटली. आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं. मी चौकोन काढून रिकामी रेघ ठेवली. बहुतेक जण तिथं पूर्वीसारखंच 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहितात. एका काकांनी 'सेवानिवृत्त' लिहिलं.

एवढं सगळं सोडवता येतं. सगळ्यांत गाठ बसते ती घरच्या माणसांपाशी. आपल्याकडे सहसा एकटं माणूस समुपदेशनाला येत नाही. बाहेरच्या बाकावर आई, मोठा भाऊ, कधी सासरे बसलेले असतात आणि फीही तेच देतात. एडवर्ड बॉर्डिननं 1979 मध्ये म्हटलं, की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठं पोचायचं ह्यावर एकमत, त्यासाठी काय करायचं ह्यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. बाकावरच्या वडिलांना मुलगा परीक्षेला बसायला हवा असतो आणि मुलाला फक्त रात्री झोप हवी असते. एकमत कुणाशी करू?

घरच्यांना बाहेर काढा असं म्हणणं सोपं आहे, पण आपल्याकडचा अनुभव उलटाही आहे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना त्यांच्यासोबत राहायला लावलं. माणसं सुधारून घरी गेली, आणि घरच्यांनाही आजार जवळून कळला. वेल्लोरलाही पुढे कुटुंबासह राहण्याची सोय झाली. हे वाचलं तेव्हा वाटलं, नात्यांतून बरं होणं म्हणजे हेच. दोन खुर्च्यांपुरतं ते कशाला ठेवायचं?

आणि मग असं कुणी येतं, ज्याला मुलगी नाही तर मुलगाच आवडतो, आणि बाकावर बसलेल्यांना त्याला 'ठीक' करून हवं असतं. तिथं तंबू ठोकून कसं चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली, 2018 मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा धाक गेला, आणि असं 'ठीक करणं' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलं. हे सगळं मला पाठ आहे. पण डोळे पुसत हात जोडणाऱ्या आईसमोर तारखा सांगता येत नाहीत. मी एवढंच म्हणते, की तुमचा मुलगा आजारी नाही, त्यामुळे त्याला बरं करणार नाही. तुम्ही घाबरला आहात, तर तुमच्यासाठी वेगळी वेळ देते. काही आया येतात. बऱ्याच येत नाहीत, आणि मुलाचं येणंही थांबवतात. तेव्हा मी ठामपणे बोलून बरोबर केलं की थोडं थांबायला हवं होतं, हे मी दीदींना विचारते. त्याही लगेच उत्तर देत नाहीत. ह्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसालाही थांबावं लागतं, ह्याचा मला धीर वाटतो आणि भीतीही.

पान शेवटी लिहून झालं. त्यात भारदस्त काही उरलं नाही. मी शिकाऊ आहे आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, औषधं देत नाही. मराठी, हिंदी आणि बेताचं इंग्रजी बोलते. जिना चढता येत नसेल तर फोन करा, खालची खोली दुपारी मोकळी करून घेता येते. जात, धर्म, कुणावर प्रेम करता ह्यावरून इथं कुणाला बदलायला सांगितलं जाणार नाही. दीदींनी वाचलं आणि विचारलं, "फीस?" ती ओळ मी तीनदा खोडून पुन्हा लिहिली. 'परवडत नसेल तर बोला' असं लिहिलं तर ज्यांना खरंच परवडत नाही ते लाजतात आणि ज्यांना परवडतं ते बोलतात. सध्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे लिहिले आहेत, मधला ज्याचा त्यानं निवडायचा.

पाटीखालचं पान थांबून कुणी वाचताना मला अजून दिसलेलं नाही. लोक फोनवर विचारतात: किती वेळ, किती पैसे, आणि कुणाला कळणार तर नाही ना. बहुतेकदा शेवटचं आधी. मग मी सांगते, की कायद्यानं हे गुप्त राहतं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र ते मोडावं लागतं, आणि शिकत असल्यामुळे नाव न सांगता वरिष्ठांशी बोलते. काही जण तेवढ्यावर फोन ठेवतात. काही जण वेळ मागतात, आणि ती बहुधा संध्याकाळची, खाली दातवाल्यांकडे गर्दी असते तेव्हाची.