पथ्यावरचं पिशाच्च

सुपरहिरो मंडळींविषयी मला पहिल्यापासून आदर जरा बेताचाच. एक उडतो, दुसरा भिंतीवर चढतो, तिसऱ्याकडे वडिलोपार्जित पैसा. सगळेच कसे धडधाकट! सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी गोळी घ्यायची आहे, असा एकही नाही. ज्याच्या घरात औषधांचा डबा नाही, तो आमचा हिरो कसा व्हावा?

पुतण्यानं ‘ब्लेड’ दाखवला, तेव्हा मात्र मी सरसावून बसलो. हा गडी व्हॅम्पायर, म्हणजे माणसाचं रक्त पिणारी जी विलायती भुतं असतात, त्यांना मारत हिंडतो. पण स्वतः अर्धा त्यांच्यातलाच. हा पोटात असताना आईला व्हॅम्पायर चावला. त्यामुळे त्यांची ताकद अंगात आली, उन्हाची बाधा मात्र नाही. उरली ती तहान. रक्ताची! आणि तीच भागवायची नाही, असा याचा निश्चय. म्हणून व्हिस्लर नावाचा म्हातारा त्याला खुर्चीला पट्ट्यांनी जखडतो आणि औषध टोचतो. ते बघितलं आणि मी हाक मारली, “अगं, लवकर ये! हा आपल्यातला आहे!”

मला बारा वर्षं मधुमेह आहे.

या गड्याचा जन्मही पथ्य सुटल्यावरचाच. अमेरिकेत १९५४ साली कॉमिकवाल्यांनी स्वतःसाठी नियमावली केली आणि पोरं बिघडू नयेत म्हणून व्हॅम्पायरांना हद्दपार केलं. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. लगेच मार्व्हल कंपनीनं ड्रॅक्युलाच्या नावानं मासिकच काढलं. त्याच्या दहाव्या अंकात, १९७३ साली, मार्व्ह वुल्फमन या लेखकानं आणि जीन कोलन या चित्रकारानं ब्लेडला आणलं. तेव्हा तो लाकडी सुऱ्या घेऊन फिरणारा एक दुय्यम शिकारी होता. पुढे १९९६ साली कंपनीचं दिवाळं वाजलं. आणि १९९८ मध्ये या दुय्यम पात्रावरचा, वेस्ली स्नाइप्सचा सिनेमा चालला! मग २००० साली ‘एक्स-मेन’, २००२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’, अशी रांगच लागली. रक्ताला न शिवणाऱ्यानं कंपनीच्या अंगात रक्त भरलं म्हणायचं. वुल्फमननं आपल्या पात्रांच्या हक्कासाठी दावा लावला होता. तो २००० साली हरला. रक्त प्यायला दर वेळी सुळेच लागतात असं नाही.

सिनेमातले व्हॅम्पायर मोठे संसारी. त्यांच्यातही जन्माचे आणि चावून झालेले असा भेद. घरंदाज व्हॅम्पायर टेबलाभोवती बसून सभा घेतात आणि फ्रॉस्ट नावाच्या उपऱ्याला नाकं मुरडतात. हा फ्रॉस्ट उन्हात जाताना अंगाला क्रीम फासतो! क्रूसाला ही भुतं भीक घालत नाहीत, पण लसूण बाधतो. म्हणजे आमच्याकडे त्यांना साधी भाकरी-चटणीसुद्धा वाढायची सोय नाही.

हा फ्रॉस्ट ब्लेडला बागेत गाठून आपल्यात ओढू बघतो. याला मी पूर्ण ओळखतो. दर लग्नात भेटतो. “घ्या हो, एका जिलबीनं काय होतंय!” म्हणत पानाशी उभा असतो तो हाच.

बरं, ब्लेडचं औषधही हळूहळू लागू पडेनासं होतं. आमचाही डोस वाढतोच की! शेवटी तो अगदी गळून जातो, तेव्हा रक्ताच्या विकारांची डॉक्टरीणबाई त्याला स्वतःचं रक्त पाजते. म्हणजे पथ्य एकदाच मोडलं, तेही डॉक्टरच्या सल्ल्यानं! पण खरी गोष्ट पुढेच. ती त्याला सांगते, तुला पूर्ण बरं करते, माणसासारखा माणूस होशील. आणि हा नको म्हणतो! काम अजून संपलेलं नाही, मला नुसतं चांगलं औषध करून दे, एवढंच मागणं.

मी दोन दिवस त्याच विचारात होतो. मला कुणी पूर्ण बरं करतो म्हणालं, तर मी चप्पल न घालता धावेन. पण तसं कुणी म्हणत नाही. तोवर हा गडी सांगतो तोच मार्ग दिसतो: औषध घ्यायचं आणि कामाला लागायचं.

पुढे २००२ आणि २००४ साली आणखी दोन भाग आले. तिसऱ्यानंतर स्नाइप्सनं निर्मात्यांवरच खटला भरला, तरी एकसष्टी उलटल्यावर, २०२४ साली, दुसऱ्याच्या सिनेमात पुन्हा ब्लेड होऊन आला. नवा ब्लेड २०१९ मध्ये जाहीर झाला होता. तारखा पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो वेळापत्रकातूनच निघाला.

सौ.नं तिन्ही भाग पाहिले. तिचं मत मात्र वेगळं पडलं. “तुमचा तो काळा कोटवाला राहू दे,” ती म्हणाली, “त्याला वेळेवर सुई टोचणारा म्हातारा बघा. पहिल्या भागात त्याला स्वतःला कॅन्सर. तो गेला, तर दुसऱ्यात परत आणला. तिसऱ्यात पुन्हा मारला. पण तुम्हाला कसं वाटतंय, असं एकदा तरी विचारलं का त्याला कुणी?”

एवढं बोलून ती माझी रात्रीची गोळी आणायला आत गेली. पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, तेव्हा मी विचारलं, “तुझे गुडघे कसे आहेत गं आज?”