कुणी विचारलंच नाही

आमच्याकडे लग्न ठरवताना सगळं विचारतात. घराणं कुठलं, मामे कोण, मुलाला व्यसन नाही ना, मुलगी घर सांभाळेल ना. मेहेर किती, हे तर काझीसाहेब भर मजलिसीत मोठ्याने सांगतात. पण ‘महिन्याला हातात नेमके किती पडतात?’ असं सरळ कुणी विचारत नाही. विचारणं हलकेपणाचं वाटतं. त्यातून मुलगी अमेरिकेची नागरिक असली की प्रश्नच मिटला. अमेरिका म्हणजे डॉलर, आणि डॉलर म्हणजे भरपूर!

डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या पुतण्याचा निकाह झाला. मुलगी शिकागोत जन्मलेली, घराणं मूळचं खेडजवळचं. तिचे वडील निवृत्त होऊन गावी येऊन राहिलेले. पुतण्या लोट्याच्या एका कारखान्यात नोकरीला, पगार बत्तीस हजार. निकाहनंतर तीन आठवड्यांनी सून परत गेली आणि तिने नवऱ्यासाठी अर्ज केला. नातं खरं आहे हे मान्य होण्यातच वर्ष उलटून गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात पुढचा कागद आला, आय-८६४ नावाचा. घरात इंग्रजी वाचणारा म्हणून भाईजाननी तो माझ्यापुढे ठेवला.

त्याला ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ म्हणतात. येणाऱ्या माणसाचा भार सरकारवर पडू नये म्हणून बोलावणाऱ्याने दिलेली ही लेखी हमी. अमेरिकेचं सरकार दरवर्षी गरिबीची एक रेषा जाहीर करतं. बोलावणाऱ्याची कमाई त्या रेषेच्या किमान १२५ टक्के हवी. २०२४ मध्ये दोन माणसांच्या घरासाठी हा आकडा वर्षाला २५,५५० डॉलर होता.

मी निश्चिंत होतो. शिकागोत राहणाऱ्या मुलीला एवढं काय कठीण? तिला फोन लावला, कमाई विचारली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चाचा, मी अजून शिकतेय. आठवड्याला वीसच तास काम करते. तासाला सतरा डॉलर."

हिशेब केला. वर्षाला १७,६८०. म्हणजे ७,८७० डॉलर कमी.

"हे आधी का नाही सांगितलंस, बेटा?"

"तुम्ही कुणी विचारलंच नाही."

मग वाटा शोधणं सुरू झालं. पुतण्याचा पगार धरा म्हटलं, तर इथली नोकरी सुटणार, म्हणून तो धरत नाहीत. तिकडे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून मिळत राहणारी कमाई असेल तरच ती चालते. सुनेच्या वडिलांनी सही करावी म्हटलं, तर ते अमेरिकेचे नागरिक खरे, पण हमी देणाऱ्याचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. ते तर आता गावात आंब्याच्या कलमांना पाणी घालतात. कमाई कमी असेल तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या नवरा-बायकोसाठी तुटीच्या तिप्पट, आणि ती वर्षभरात रोख करता येण्यासारखी हवी. तुटीची तिप्पट म्हणजे २३,६१० डॉलर, आपले जवळजवळ वीस लाख रुपये. पुतण्याच्या नावावर एक मोटारसायकल आहे. भाभी आत गेल्या आणि दागिन्यांचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या मेहेरच्या बांगड्या त्यात होत्या. भाईजाननी डबा न उघडता परत दिला.

उरले सुनेचे मामू. तेही शिकागोतच, बायको आणि दोन मुलं. हमीला दुसरा माणूस चालतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, नात्यातलाच हवा असंही नाही. दर तीन वर्षांनी मामू गावी येतात, मशिदीला पंखे देतात, पोरांना चॉकलेटं वाटतात. त्यांना एका सहीचं काय जड? मी फोन केला. ते "बघतो" म्हणाले. आठवड्याने पुन्हा केला, पुन्हा "बघतो". तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मला जमणार नाही." कारण सांगेनात. माझा तोल गेला. "भाचीचं घर बसतंय आणि तुम्हाला एक सही जड होते?" असं बोलून फोन ठेवला.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून तो फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी ज्याला सही म्हणत होतो तो करार आहे. ती जबाबदारी बाहेरून आलेला माणूस नागरिक होईपर्यंत टिकते, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाही जमेपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं. नाहीतर तो मरण पावेपर्यंत किंवा देश कायमचा सोडून जाईपर्यंत. या काळात त्याने गरिबांसाठीची ठरावीक सरकारी मदत घेतली, तर तिची वसुली हमी देणाऱ्याकडून होऊ शकते. आणि एक ओळ मी दोनदा वाचली. तलाक झाला तरी ही जबाबदारी संपत नाही.

सकाळी मी माफी मागायला फोन केला. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सावकाश सांगू लागले. चार वर्षांपूर्वी त्यांनी मेव्हणीच्या नवऱ्यासाठी अशीच सही केली होती. दोन वर्षांत ते लग्न मोडलं. तो माणूस आता कुठे आहे हेही त्यांना नीट ठाऊक नाही, पण या हिशेबात तो अजून त्यांच्या घरातला आहे. म्हणजे स्वतःची चार माणसं, तो पाचवा आणि माझा पुतण्या सहावा. २०२४ मध्ये सहा माणसांसाठी ५२,४५० डॉलर दाखवावे लागत होते.

"माझी कमाई एकोणपन्नास हजार आहे," मामू म्हणाले. "सही केली असती तर टॅक्सचे कागद जोडावे लागले असते. ते तुम्ही पाहिले असते. गावात काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे."

मला मशिदीतले पंखे आठवले. ते पंखे देताना या माणसाने काय काय मागे ठेवलं असेल, हे आम्हा कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेवटी वाट सुनेनेच काढली. सप्टेंबरमध्ये शिक्षण संपलं आणि तिने एका दवाखान्यात बिलं करण्याची पूर्णवेळ नोकरी धरली. तासाला अठरा डॉलर, आठवड्याला चाळीस तास, वर्षाला ३७,४४०. मागच्या वर्षीचा टॅक्सचा कागद थोडी कमाई दाखवतो हे खरं, पण आजची नोकरी आणि आजचा पगारही पाहतात. म्हणून तिने सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि मालकाचं पत्र जमवलं आणि मगच फॉर्म भरला. सहा महिने थांबलंच पाहिजे असा नियम नव्हता, पण तिला कुणाच्या शंकेला जागा ठेवायची नव्हती. निकाहनंतर दोन वर्षं ती दोघं फोनवर संसार करत होती. त्यात हे सहा महिने वाढले. भाभी रोज कॅलेंडर पाहायच्या. पुढे मुंबईला बीकेसीत मुलाखत झाली आणि व्हिसा मिळाला.

या नियमावर माझा राग आहे, तो गेलेला नाही. वीस तास काम करून शिकणाऱ्या मुलीचं लग्न चाळीस तासवालीपेक्षा कमी खरं नसतं. तरी एक विचार सुटत नाही. बायकोचा खर्च नवऱ्यावर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह तलाकमध्ये तलाकनंतरच्या खर्चाबद्दल बोलताना ऐपत असलेल्याने ऐपतीप्रमाणे आणि तंगीत असलेल्याने तंगीप्रमाणे द्यावं, अशा अर्थाची शिकवण आहे. म्हणजे आपली ऐपत खरी किती, हे आधी स्वतःशी तरी कबूल करायला हवं. आम्ही निकाहच्या वेळी ते केलं नाही. इथे तर खर्चाची हमी बायकोने लिहून दिली, आणि खरा आकडाही तिनेच सांगितला.

विमानतळावर निघताना पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "पहिला पगार झाला की किती झाला ते बायकोला सांग. आणि मामूंकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

भाभींनी त्याच्या बॅगेत काजूचा एक डबा मामूंसाठी आधीच ठेवला होता.