लठ्ठ्याचा पडदा

ही चादर भाऊच्या आईच्या माहेरची. आजोबा अकोल्याच्या सावतराम मिलमध्ये कामाला होते, तेव्हाचा लठ्ठा. चारी कडांना हातानं घातलेली दुमड अजून उसवलेली नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वीतभर वर एक ठिगळ आहे, तळहाताएवढं, मूळ कापडापेक्षा जरा पिवळट. तिचा मालक आज सत्तरीत आहे. तो अमरावतीत राहतो आणि सगळे त्याला भाऊ म्हणतात. वर्षभर ती लोखंडी कपाटात घडी घालून असते आणि २५ डिसेंबरच्या सकाळी बाहेर निघते. त्या संध्याकाळी हौसेनं सिनेमे करणारी दहा-बारा माणसं कुणाच्या तरी अंगणात जमतात, चादर दोन खांबांना ताणून बांधतात आणि वर्षभरात जे काही चित्रित केलं ते एकमेकांना दाखवतात. या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणीही नाही. १९७९पासून ते चालू आहे.

भाऊच्या लहानपणी अमरावती सिनेमाच्या धंद्याचं गाव होतं. देशभरात चित्रपट वितरणासाठी जे विभाग पाडले होते, त्यातला एक सी. पी. बेरार. त्या नावाचा प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, पण सिनेमाच्या धंद्यात ते नाव टिकलं आणि त्या विभागाची कितीतरी कार्यालयं अमरावतीत होती. मुंबईहून पत्र्याच्या पेट्यांतून रिळं यायची. पेट्या बडनेऱ्याला उतरायच्या आणि गावात बातमी पसरायची, ‘पेटी आली.’ गावातल्या चौकांनाही टॉकीजचीच नावं पडली, चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक. नवखा माणूस आजही रिक्षावाल्याला यातलंच एखादं नाव सांगतो.

टॉकीजच्या मागच्या बाजूला तुटलेल्या फिल्मचे तुकडे पडत. पोरं ते वेचत आणि शाळेत त्यांची गोट्यांच्या बदल्यात देवघेव होई. भाऊ दहा वर्षांचा असताना त्यानं गेलेल्या बल्बचं बूड फोडून आतली तार काढली आणि बल्ब पाण्यानं भरला. खिडक्यांना घोंगडी लावून खोली काळोखी केली. बाहेर उन्हात धाकट्या भावाला आरसा धरायला उभं केलं. आरशातला उजेड खिडकीच्या फटीतून आला, फिल्मच्या तुकड्यातून आणि बल्बातल्या पाण्यातून गेला आणि समोरच्या चादरीवर एक नटी उमटली, डोकं खाली, पाय वर. तुकडा उलटा धरला तेव्हा ती सुलटी झाली. चादरीला घड्या होत्या म्हणून नटीच्या चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेघा पडत होत्या. त्या घालवायला दुसऱ्या दिवशी त्यानं आईला न सांगता कोळशाची इस्त्री काढली. इस्त्रीतून निखारा निसटला, कापड जळलं. आईनं दोन धपाटे दिले आणि ठिगळ लावलं. पडद्याच्या घड्यांची काळजी करणारा मुलगा पुढे सिनेमाच्याच नादी लागणार, हे तिला त्याच दिवशी कळलं असावं, कारण त्यानंतर ही चादर तिनं अंथरायला फारशी काढली नाही.

सुपर एट कॅमेरा आला तो १९७८मध्ये, मित्राच्या परदेशातल्या नातेवाइकाकडून, वापरलेला. कोडॅकनं हे मोजमाप १९६५मध्ये घरगुती वापरासाठी आणलं. पन्नास फुटांची फिल्म प्लॅस्टिकच्या डबीत बंद असे आणि सेकंदाला अठरा चौकटी या गतीनं ती तीन मिनिटं वीस सेकंदांत संपे. वर्षाला दोन डब्या परवडत, म्हणजे वर्षभराचा सगळा सिनेमा पावणेसात मिनिटांत बसवायचा. घोड्याला बोट लावण्याआधी भाऊ तोच प्रसंग नुसत्या डोळ्यांनी तीन-तीनदा पाहायचा. आजच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना दया येते. खरं तर पाहण्याची तशी तालीम दुसऱ्या कशानं होत नाही.

पहिली डबी त्यानं मामाच्या शेतात संपवली. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू होती. आई कमरेला ओटी बांधून सरीतून चालते आहे, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करते आहे, ओटी भरली की बांधावर येऊन चादरीवर कापूस ओतते आहे. चादर हीच. त्या दिवशी घरात दुसरी मोठी चादर नव्हती. डबी धुण्यासाठी पोस्टानं बाहेरगावी गेली आणि कित्येक आठवड्यांनी परत आली. तोवर आईनं चादर नीळ घालून धुतली होती. त्याच चादरीवर त्यानं ते रीळ लावलं. चादरीवर चादर दिसली, चादरीवरच्या ठिगळाशेजारी चित्रातलं ठिगळ दिसलं. घरातले सगळे गप्प होते. मग मामी म्हणाली, ‘थे पाय, बुढी आपल्याच चादरीत कापूस टाकून रायली!’

फिल्मचा माल कशाचा असतो हे भाऊला पुढे एका जुन्या छायाचित्रण-पुस्तकातून कळलं. सिनेमाची पहिली फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नत्राम्ल आणि गंधकाम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाची. ती इतकी ज्वालाग्राही की पेटली तर पाण्याखालीही जळत राहते. म्हणून कोडॅकनं १९२३मध्ये हौशी लोकांसाठी सोळा मिलिमीटर फिल्म काढली तेव्हा ती पहिल्यापासून सेल्युलोज अॅसिटेटची ठेवली. ती घरात, बायकामुलांत लावली जाणार होती. या अॅसिटेटचा मूळ माल लाकडाचा लगदा, नाहीतर सरकीला चिकटून राहणारा आखूड रुवा. वऱ्हाडातल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. पडदा कापसाचा, फिल्म कापसाची आणि फिल्मवर कापूसच वेचणारी आई.

नाताळचा दिवस ठरला तो अकोल्याच्या मित्रामुळे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात काम सुरू केलं आणि अकोला हे त्याचं मोठं ठाणं झालं. हा मित्र तिथल्या ख्रिश्चन कॉलनीत वाढलेला. त्याच्याकडे प्रोजेक्टर होता, भाऊकडे कॅमेरा आणि पडदा. २५ तारखेला सगळ्यांनाच सुट्टी. सकाळी चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांच्या परंपरेतली मराठी भजनं पेटी-तबल्यावर होत, दुपारी घराघरांतून ताटं फिरत. करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे आणि बेकरीत भाजून आणलेला केक. दारावर कागदाची चांदणी. दिवाळीचा फराळ महिना-दीड महिन्यानं पुन्हा भेटला, असं अमरावतीहून येणाऱ्यांना वाटे. मित्राची आई पहिल्या वर्षी चिंतेत होती की ही एवढी माणसं जेवतील कशी. दुसऱ्या वर्षापासून तिनंच मेनू ठरवून दिला, सोल्यांची भाजी, भाकरी, ठेचा आणि शेवटी केक.

मित्राला एक गोष्ट सांगायची हौस होती. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात हे त्यांच्या मनानं घेतलं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. पण त्याआधी त्यांनी घरच्या घरी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. दिवसांची वाढ मिनिटभरात दिसावी म्हणून एकेक चौकट टिपत. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले एक हौशी गृहस्थच होते. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, फिल्म धूत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, नटांवर उजेड परतवायला, असं सांगतात. चादरीचा उल्लेख आला की सगळे भाऊच्या चादरीकडे पाहत.

दुसरी गोष्ट पॅरिसची. ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ला, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, एका कॅफेच्या तळघरात. पैसे देऊन आलेले प्रेक्षक तेहेतीस. दहा छोटी चित्रं, प्रत्येक मिनिटभराच्या आतलं. त्यातल्या एकात ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या बाळाला भरवताहेत, बस्स. म्हणजे जगातल्या त्या प्रसिद्ध खेळातही एक घरगुती चित्र होतंच. हौशी लोकांच्या चित्रांना दुय्यम मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. पेशानं सिनेमा करणाऱ्याला प्रेक्षक शोधावा लागतो. या अंगणातल्या प्रत्येक चित्राचा प्रेक्षक मात्र चित्र काढण्याआधीच ठरलेला असतो, त्याची नावगावासकट ओळख असते आणि तो समोर सतरंजीवर बसून मोठ्यानं मत सांगतो.

विषय साधे असत. बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते, म्हणून दर वर्षी कुणीतरी चांदूरबाजार तालुक्यातून ताजं चित्रण आणी: शेंदूर-लोणी, हंडीतलं मटण, गोवऱ्यांच्या धगीत भाजलेले रोडगे, राहुट्या. गाडगेबाबांची पुण्यतिथीही २० डिसेंबरचीच. ते १९५६मध्ये वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गेले आणि अमरावतीत त्यांची समाधी आहे. त्यांच्यावरचा ‘देवकीनंदन गोपाळा’ १९७७मध्ये आला. त्याचे दिग्दर्शक राजदत्त अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे. या माणसानं आपल्याच मातीतल्या संताचा चित्रपट केला, याचा मंडळाला फार अभिमान. डॉ. श्रीराम लागूंचं त्यातलं काम पाहून आल्यावर भाऊनं आठवडाभर खराटा घेऊन रस्ता झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याचं चित्रण केलं. त्यात कथा नव्हती. ते आजही मंडळाचं सर्वांत चांगलं चित्र आहे.

एका वर्षी त्या चित्राची फिल्म प्रोजेक्टरच्या दारापाशी अडकली. दिव्याच्या उष्णतेनं चौकट मधून तपकिरी झाली, फुगली आणि पडद्यावर एक भोक पसरत गेलं. ‘अबे, लाइट बंद कर पयले!’ असा ओरडा झाला. जळलेला भाग कापून टेपनं जोडला. त्या म्हाताऱ्याच्या चित्रात अजून तिथं एक उडी बसते.

मग व्हिडिओ आला. १९८०च्या दशकाच्या शेवटी मंडळात एक व्हीएचएस कॅमेरा आला. एका कॅसेटवर तीन तास! पडदा बांधायची गरज संपली, टीव्हीसमोर बसलं की झालं. माणसं कमी येऊ लागली. पाहायला तास-तास लागे आणि पाहण्यासारखं थोडं असे. चादर त्या वर्षांत कॅमेऱ्याच्या पेटीत अस्तर म्हणून राहिली. तरी त्या काळातलं एक चित्रण अमोल आहे. १९९३च्या डिसेंबरात दोघांनी मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीचं चित्रण केलं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी लोहवाट वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीनं टाकली होती आणि १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर अजून धावत होतं. चारच महिन्यांनी, एप्रिल १९९४मध्ये, त्याच्या जागी डिझेल आलं. दोन तासांची ती कॅसेट आज लावली तर चित्रावर पांढऱ्या रेघा धावतात, इंजिन मधूनच विरघळतं. शिवाय ती लावायची कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६मध्ये थांबली. सुपर एटचं रीळ मात्र नुसतं उजेडापुढे धरलं तरी माणूस दिसतो.

रिळांवरही संकट आहेच. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे सहज जातो आणि अॅसिटेटला उष्णता सोसत नाही. त्यातून आंबट वास सुटतो, व्हिनेगरसारखा, मग फिल्म आखडते, वळते. एका नाताळला डबा उघडला आणि तो वास अंगणभर पसरला. चार रिळं गेली होती. त्यातलं एक मित्राच्या आईचं, भाकरी थापतानाचं. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मित्र काही बोलला नाही, डबा बंद करून आत ठेवून आला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं १९६४पासून देशाचा सिनेमा जपला. कपाटांमधली ही घरगुती रिळं जपायला मात्र घरातलीच माणसं आहेत. वऱ्हाडातल्या प्रत्येक जुन्या घरानं एकदा माळा उघडून पाहावा, अशी भाऊची कळकळीची विनंती असते. आणि डबा सापडला तर उन्हात ठेवू नका.

३० डिसेंबर २०१०ला अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी कोडॅक्रोम फिल्म धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं शेवटची रिळं स्वीकारली. भाऊकडे एक न धुतलेली डबी उरली होती. ती तशीच आहे. त्याच नाताळला मंडळात डिजिटल प्रोजेक्टर आला आणि चादर पुन्हा खांबांवर चढली. पुढच्या वर्षी तिच्यावर नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ लावला. अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केलेला लघुपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पाहून दोन मुलांनी तिथंच ठरवलं की नोकरी सांभाळून सिनेमा करायचा.

आता मोबाइल आहेत. अमरावती–अकोला रस्ताही पूर्वीचा राहिला नाही. जून २०२२मध्ये त्यावर पंचाहत्तर किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. भाऊच्या नातीनं तेव्हा मजुरांचं चित्रण केलं, रात्रीचं, दिव्यांच्या झोतात वाफाळणारं डांबर आणि फावडी. उभ्या मोबाइलवरचं चित्र चादरीवर एक अरुंद पट्टा होऊन उभं राहिलं, दोन्ही बाजूंना चादर कोरी. जुन्यांनी कुरकुर केली. भाऊनं केली नाही. माणूस उभाच असतो, तो म्हणाला.

गेल्या नाताळलाही शेवटी पहिलंच रीळ लागलं, दर वर्षी लागतं तसं. आई चादरीवर कापूस ओततानाचा चारेक सेकंदांचा भाग, साधारण बहात्तर चौकटी. कापूस पसरण्याआधी चित्रातलं ठिगळ दिसतं. ते खऱ्या ठिगळावर आणायचा खेळ मंडळात कित्येक वर्षं चालू आहे. कधी प्रोजेक्टर पुढे येतो, कधी खांबाची दोरी सैल होते, कधी कुणाचा पाय लागतो. यंदा नातीनं प्रोजेक्टरखाली एक वही सरकवली, मग तिची चार पानं कमी केली.

‘आजोबा, आता पाहा.’

आई बांधावर आली, वाकली. ओटी सुटली. पिवळट चौकोन सरकत सरकत खालच्या कोपऱ्यात आला आणि बोटभर अंतरावर थांबला. वर कापूस पडला. तेवढ्यात रिळाचं शेपूट फडफडलं, चित्र संपलं आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला, त्यात आईनं घातलेले टाके एकेक करून मोजता येत होते.