राखण

जोंधळा हुरड्यात आला की आजोबा माळ्यावर चढायचे. हातात गोफण, पायाशी खड्यांची रास. उजाडायच्या आधीच त्यांची हाळी ऐकू यायची आणि पाखरांचे थवे उठून शेजारच्या शिवारात उतरायचे. राखण म्हणजे पाखरं हाकलणं, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं.

आता कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्सच्या डोंगरात मी दुर्बीण लावून बसते, स्वयंसेवक म्हणून. ही राखण पाखराचीच आहे. समोरच्या कड्यातल्या कपारीत कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाचं जोडपं आहे. साडेनऊ फुटांचे पंख आणि संसार केवढा, तर उघड्या वाळूखडीवर एक अंडं. तेही बहुधा दोन वर्षांतून एकदा, कारण पिल्लू उडायला लागल्यावरही कितीतरी महिने आईबापांच्या मागे मागे असतं.

कपारीच्या आतलं इथून काही दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, यावरून ताडायचं. पंखांवरच्या बिल्ल्यांचे आकडे वाचायचे आणि वहीत वेळ टिपायची: नर आत गेला, मादी बाहेर पडली. जवळजवळ आठ आठवडे ही पाळी चालते. बापही आईइतकाच निष्ठेनं बसतो. दोघं बराच वेळ एकत्र आकाशात दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. मग अंड्यावर कोण?

हा गोळा उगाच येत नाही. १९८२ मध्ये जगभरात २२ कॅलिफोर्निया कॉन्डोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचाही पकडून आणला, तेव्हा सगळे मिळून २७ होते आणि आकाश रिकामं झालं. १९९२ पासून पिंजऱ्यात वाढवलेले पुन्हा सोडू लागले. आज पाचशेच्या वर आहेत, पण मरण अजून त्यांच्यामागे आहे. शिकाऱ्यानं सोडून दिलेल्या मढ्यात शिशाच्या गोळीचे कण असतात, ते पोटात जातात. म्हणून पक्षी वरचेवर पकडून रक्त तपासावं लागतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे, तरी शिसंच यांचा सर्वांत मोठा वैरी राहिलं आहे. आपली गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानं संपली, तेव्हा कोण कुठून वेचून खातंय हे आपण मोजत बसलो असतो तर! मोजायला लागलो तोवर आभाळ ओस पडलं होतं.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मात्र इनिकोची. २०२० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्याच बिग सरला वणवा पेटला. एका उंच रेडवूडमधल्या घरट्यावर कॅमेरा होता. रात्री ज्वाळा जवळ आलेल्या, ठिणग्या उडतायत आणि त्यात चार महिन्यांचं पिल्लू, इनिको! मग कॅमेराच जळाला. त्या वणव्यात बारा कॉन्डोर गेले, त्यांत तिचा बापही. काही दिवसांनी माणसं तिथवर पोचली, तर पिल्लू जिवंत होतं. आई एकटीच त्याला भरवत होती. पुढे ते घरट्यातून पडलं, पाय दुखावला, लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्यावर उपचार झाले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा आकाशात गेलं. इनिको या नावाचा अर्थच संकटकाळात जन्मलेली.

या कामात बहुतेक दिवस काहीच घडत नाही. ऊन सरकतं, कड्याची सावली लांबते. पण एखाद्या संध्याकाळी आई उतरते, पिल्लू कपारीच्या तोंडाशी पंख फडफडवत धावतं आणि आपलं अख्खं डोकं तिच्या तोंडात खुपसतं. माझ्या वहीत तेवढीच ओळ असते: भरवलं, ६.१०.

ती काय भरवते, हाही घोर असतो. आईबाप मांसाबरोबर बाटल्यांची झाकणं, काचांचे तुकडे, पत्र्याचे कपटे उचलून आणतात. कदाचित हाडांचे तुकडे समजून. ते पिल्लाच्या पोटात साचतात. म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात राखण करणारी माणसं दोर लावून घरट्यात उतरतात, कचरा वेचतात, पिल्लाचं पोट चाचपतात. कधी त्याचं पोट उघडून ते काढावे लागतात.

बिग सरच्या रस्त्यानं आपली पुष्कळ माणसं फिरायला जातात. तुम्ही गेलात, तर कठड्यापाशी पडलेलं झाकण दिसेल तिथून उचला आणि खिशात घालून घरी आणा.